समोरच्याची खुर्ची

पुस्तकाची पहिली प्रत हातात आली तेव्हा खटखट्याला आनंदच झाला, खोटं कशाला बोलायचं. अकरा वर्षं ज्याच्यापायी बोटं झिजवली ती वस्तू अशी जाडजूड, कोऱ्या कागदाचा वास घेऊन समोर आली तर माणूस हरखणारच. दुकानात एकाचा भाडेकरार अर्धा टाइप झाला होता. खटखट्या त्याला म्हणाला, "अर्ध्या तासाने या." तो माणूस कुरकुरत गेला. खटखट्याने हात पुसले आणि प्रस्तावना उघडली.

दुसऱ्याच पानावर त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

प्रस्तावना विद्यापीठातल्या संस्कृत विभागप्रमुखांची होती, प्रकाशकाने परस्पर लिहून घेतलेली. त्यांनी लिहिलं होतं: "आप्पांनी जन्मभर जे मत हिरिरीने मांडलं, ते या ग्रंथात त्यांनी स्वतःच्याच हाताने मोडून काढलं आहे. उतारवयात आपली चूक अशी उघडपणे मान्य करायला फार मोठं मन लागतं."

खटखट्याने ते वाक्य पुन्हा वाचलं. मग पुस्तक मिटलं. मग परत उघडून मुखपृष्ठ बघितलं, की बाबा हे आपलंच ना? आपलंच होतं. आप्पांचंच होतं. आणि चूकही त्याचीच, म्हणजे खटखट्याचीच होती.

आता हे सगळं नीट सांगायला हवं.

खटखट्या म्हणजे टायपिंगच्या दुकानाचा मालक, नोकर आणि शिपाई, सगळं एकच. हे नाव त्याला आप्पांच्या बायकोने दिलं, म्हणजे काकूंनी. तो घरी येऊन बसला की कीबोर्डचा खटखट आवाज सुरू व्हायचा, म्हणून खटखट्या. संस्कृत तो शाळेत शिकला नव्हता. आप्पांनी सांगायचं आणि याने टाइप करायचं, असं करता करता संस्कृत अंगात भिनलं. पहिल्या वर्षी एका पानात चाळीस चुका. तिसऱ्या वर्षी चार. सहाव्या वर्षी एकदा त्याने आप्पांचीच चूक काढली, तेव्हा आप्पांनी फक्त आपल्या चहाचा कप त्याच्याकडे सरकवला.

आप्पा व्याकरणातले आणि तत्त्वज्ञानातले भारी गृहस्थ. बारा पुस्तकं त्यांच्या नावावर. पण सगळ्यांच्या मुळाशी भांडण एकच. आप्पांचं म्हणणं असं, की माणूस बोलतो ते वाक्य एकसंध असतं. ऐकणाऱ्याला अर्थ कळतो तो एकदम, वीज चमकावी तसा. शब्द वगैरे आपण मागाहून पाडलेले तुकडे, शिकवायला सोपं जावं म्हणून. समोरच्या पार्टीचं म्हणणं उलटं. शब्द हेच खरे, विटेवर वीट ठेवावी तसं वाक्य रचलं जातं, एक वीट काढली की भोक पडणार.

"कळलं म्हणजे झालं की," काकू म्हणायच्या. "एकदम कळो नाही तर हप्त्याहप्त्याने. एवढ्यावर चाळीस वर्षं कोण भांडतं?"

"तू भांडतेस ना माझ्याशी चाळीस वर्षं?" आप्पा म्हणायचे. "मी काही विचारतो का कशावर ते?"

तर हे शेवटचं, तेरावं पुस्तक. यात आप्पांना भांडण कायमचं मिटवायचं होतं. आणि त्यांच्या धंद्याची एक रीत होती, फार जुनी. आपलं मत सांगायच्या आधी समोरच्याचं म्हणणं पूर्ण मांडायचं. त्याला पूर्वपक्ष म्हणतात. मग त्याला उत्तर द्यायचं. बरं, ते मांडायचं कसं? "त्याला स्वतःला जमणार नाही इतकं चांगलं," आप्पा सांगायचे. "वाचून त्याने म्हटलं पाहिजे, अरेच्चा, हे मला कसं सुचलं नाही! मग उत्तर. नाही तर झोपलेल्या माणसाला पाडून छाती फुगवण्यात काय अर्थ आहे?" आणि 'इथून पुढे विरोधक बोलतो आहे' असं कुठे लिहायचंही नाही. वाचणारे जाणकार असतात. उत्तर आलं की त्यांना कळतंच, की आतापर्यंत बोलत होता तो दुसरा.

उत्तर आलं की. आलंच नाही तर?

आप्पांच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. कपाटाजवळची लाकडी त्यांची स्वतःची. खिडकीजवळची वेताची, ती समोरच्याची. समोरच्याच्या बाजूने बोलायचं झालं की आप्पा उठून त्या वेताच्या खुर्चीत जाऊन बसायचे आणि आवाजच बदलायचा. कडक व्हायचा. "आप्पा म्हणतात की वाक्य अखंड आहे," असं स्वतःलाच नावाने झापायचे. "पण आप्पांना एवढंही दिसत नाही?" खटखट्याला हसू फुटायचं. काकू दारातून म्हणायच्या, "बरं झालं, कुणीतरी बोललं त्यांना."

पाच महिन्यांपूर्वी आप्पांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. राहिला एक आवाज, "बा". बाकी डोकं शाबूत आहे असं डॉक्टर म्हणाले. दवाखाना, औषधं, रात्रीची पाळी, या सगळ्या धावपळीत प्रकाशकाचा फोन आला. "आप्पा आहेत तोवर पुस्तक निघू दे हो. जेवढं झालंय तेवढं पाठवा." खटखट्याने चारशे बारा पानांची फाइल दवाखान्याच्या जिन्यात उभ्या उभ्या पाठवून दिली. त्याला वाटत होतं, उत्तराचा भाग आप्पांच्या कपाटात हाताने लिहिलेला असणार, तो दुसरा खंड होईल. 'हा पहिला भाग आहे' असं त्याने प्रकाशकाला सांगितलं होतं की नुसतं मनात म्हटलं होतं, हे आता तो शपथेवर सांगू शकला नसता. फाइलवर मात्र लिहिलेलं नव्हतं.

आणि शनिवारी सकाळी अकरा वाजता विद्यापीठाच्या सभागृहात पुस्तक प्रकाशित होणार होतं. आज मंगळवार.

खटखट्याने दुकानाचं शटर ओढलं आणि आप्पांचं घर गाठलं.

काकू खुशीत होत्या. त्यांच्याकडेही एक प्रत पोचली होती. "ये रे खटखट्या! बघ, मी म्हटलं होतं ना, निघेल म्हणून? त्यांच्या हातात दिलंय. सारखं खाली पडतंय मेलं, चार वेळा उचलून दिलं."

आप्पा पलंगावर उशीला टेकून होते. डाव्या हाताजवळ पुस्तक होतं. खटखट्याच्या डोळ्यांसमोर त्यांनी ते बोटांनी ढकललं, ढकललं, आणि ते पलंगावरून धाडकन खाली गेलं.

"बघ," काकू म्हणाल्या आणि उचलायला वाकल्या.

"काकू, थांबा. पडत नाहीये ते. आप्पा टाकतायत."

मग त्याने सगळं सांगितलं. एका दमात, काकूंकडे न बघता. काकू पलंगाच्या कडेला बसल्या, पुस्तक मांडीवर घेऊन.

"म्हणजे ज्या मताशी हे आयुष्यभर भांडले, ते आता ह्यांच्याच नावावर?"

"हो."

"आणि तो लाडका त्यावर शाबासकी देतोय?" लाडका म्हणजे विभागप्रमुख. एकेकाळी आप्पांचा सगळ्यात आवडता विद्यार्थी, याच घरात जेवलेला. मग तो समोरच्या पार्टीत गेला आणि पस्तीस वर्षांत या घराची पायरी चढला नाही.

"हो."

"आणि हे तू केलंस."

"हो काकू."

काकूंनी पुस्तक मांडीवरून खाली ठेवलं. मग उठल्या. "चहा टाकते. पिऊन घे आधी, मग काय ते मर."

चहा तसाच गार झाला. दोघांनी कपाट उपसायला घेतलं. आप्पांच्या टिपणांचे सव्वीस डबे होते, बुटांचे, साबणाचे, मिळतील ते. पाठकोऱ्या कागदांवर पेन्सिलीने लिहिलेलं. खटखट्या एकेक कागद वाचायचा आणि बाजूला ठेवायचा. मंगळवार गेला, बुधवार दुपारपर्यंत तो जमिनीवरच होता. समोरच्याचा मुद्दा. समोरच्याचा आणखी एक मुद्दा. तोच मुद्दा, जास्त धारदार. मध्येच एका कागदावर आप्पांनी लिहिलं होतं, 'याला उत्तर' आणि खाली रेघ मारली होती. रेघेखाली काही नव्हतं. असे कागद सतरा निघाले. 'याला उत्तर', रेघ, कोरं.

"शेवटचं उत्तर कधी सांगितलं होतं रे तुला?" काकूंनी विचारलं. "म्हणजे आपल्या खुर्चीत बसून?"

खटखट्या आठवत बसला. गेल्या वर्षी? नाही. त्याच्या आदल्या? तेव्हा एकदा आप्पा लाकडी खुर्चीत येऊन बसले होते खरे. खटखट्याने बोटं सरसावली होती. पंधरा मिनिटं आप्पा गप्प बसले आणि मग म्हणाले, "आज राहू दे. डोकं दुखतंय."

"वेताच्या खुर्चीची गादी मी तीनदा बदलली," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "लाकडी खुर्चीची आहे तशीच आहे. मला वाटायचं, खिडकीतून वारा येतो म्हणून तिकडे बसतात."

दोघांनी पलंगाकडे बघितलं. आप्पांनी डोळे मिटले होते. झोपले होते की नाही, सांगता येत नव्हतं.

त्याच दिवशी खटखट्याने प्रकाशकाला फोन लावला.

"प्रकाशन थांबवा."

"वेड लागलंय का तुम्हाला? तीनशे प्रती बांधून तयार आहेत. निमंत्रणं गेलीत. कुलगुरू येतायत."

"अहो, पुस्तक अर्धं आहे!"

"चारशे बारा पानं म्हणजे अर्धं? मग पूर्ण किती असतं तुमच्यात?" प्रकाशक वैतागला होता, पण माणूस वाईट नव्हता. "हे बघा, फार तर एक चिठ्ठी चिकटवा आत. एका पानाची. काय सांगायचंय ते त्यात सांगा. प्रती आप्पांच्या घरी पाठवतो, शनिवारी सकाळी साडेनऊला गाडी परत न्यायला येईल. ह्याच्यापुढे माझ्या हातात काही नाही."

एक पान. चारशे बारा पानांना एक पान.

खटखट्या घरी गेला, जेवला नाही, आणि लिहायला बसला. त्याने ठरवलं, उत्तर आपणच लिहायचं. अकरा वर्षं आप्पांचा आवाज कानात भरलेला, त्यांच्या बाराही पुस्तकांची कुठली ओळ कुठे आहे ते पाठ, मग आपल्याला एक पान येऊ नये? आधी दहा पानं झाली, ती खोडून पाच, मग एक. आणि त्याला एक युक्तीही सापडली होती, तिच्यामुळे तो जागच्या जागी उभा राहून नाचला होता. आप्पांकडे आज शब्द उरलेत का? एकही नाही. विटा संपल्या. तरी ते नुसतं "बा" म्हणतात आणि काकूंना बरोबर कळतं, की पाणी हवंय की कूस बदलायचीय. म्हणजे अर्थ पोचतो! अखंड, एकदम, विटांशिवाय! समोरच्याचं तोंड बंद.

गुरुवारी सकाळी तो कागद घेऊन पलंगाजवळ बसला. आप्पांशी बोलायची पद्धत ठरलेली होती. डोळे मिटले म्हणजे हो. डाव्या हाताच्या बोटाने चादरीवर ठोकलं म्हणजे नाही.

तो वाचायला लागला. पहिल्या परिच्छेदाला आप्पांचं बोट हललं. ठक. खटखट्याने दुर्लक्ष केलं. दुसऱ्याला पुन्हा ठक. तो घाईने शेवटच्या युक्तीकडे आला, आवाज चढवून वाचली. आप्पा त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बा."

"आले हं," काकू आतून आल्या आणि त्यांनी उशी वर सरकवली.

"बा."

"पाणी?" काकूंनी चमचा तोंडाशी नेला. आप्पांनी ओठ घट्ट मिटले. "नको? मग खिडकी? खिडकी लावू?" खिडकी लावली. "बा." उघडली. "बा! बा!" काकूंनी पांघरूण काढलं, घातलं, पाय चेपले, पाठीमागे हात घालून बघितला. "अहो, काय हवंय तरी काय? कळत नाही हो मला! रोज असंच होतं रे खटखट्या. दहातलं एखादं जमतं, बाकी नुसता अंदाज." त्यांचा आवाज फाटला. "चाळीस वर्षांची बायको आणि मला ह्यांचं एक अक्षर कळत नाही."

त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या.

आप्पा खटखट्याकडे बघत होते. त्यांनी बोट उचललं आणि कागदावर ठेवलं, बरोबर त्या युक्तीच्या ओळीवर. आणि ठोकलं. एकदाच, सावकाश. त्यात राग नव्हता. सहाव्या वर्षी खटखट्याने त्यांची चूक काढली तेव्हा त्यांना राग आला नव्हता, तसंच.

खटखट्याने कागद फाडला. बाहेर जिन्यात जाऊन बसला आणि ढसाढसा रडला. शेजारचे एक गृहस्थ वर चालले होते, त्यांनी विचारलं, "गेले का आप्पा?" खटखट्या म्हणाला, "नाही हो, आहेत." गृहस्थ "बरं बरं" म्हणत वर गेले.

शुक्रवारी सकाळी पुस्तकांचे गठ्ठे आले. बाहेरच्या खोलीत चालायला जागा उरली नाही. खटखट्या गठ्ठे ओलांडून आप्पांपाशी आला आणि खुर्ची न घेता उभ्याउभ्याच विचारायला लागला. काकू दारात होत्या.

"आप्पा, उत्तर कुठे लिहून ठेवलंय का?"

ठक.

"मग डोक्यात आहे? मी अक्षरं एकेक करून विचारतो. महिना लागू दे, वर्ष लागू दे. तुम्ही फक्त डोळे मिटा. आहे ना डोक्यात?"

बोट हललं नाही, डोळेही मिटले नाहीत. मग बोट चादरीवर पडलं. ठक.

पुढचा प्रश्न खटखट्याला दोन दिवसांपासून माहीत होता. सतरा कोरे कागद बघितले तेव्हापासूनच. पण तो तोंडातून काढायची हिंमत होत नव्हती.

"उत्तर सापडलंच नाही?"

आप्पांनी डोळे मिटले. मिटलेलेच ठेवले. कडेने पाणी आलं आणि कानाकडे ओघळलं.

"मग समोरच्याचं पटलं तुम्हाला? विभागप्रमुखांनी लिहिलंय तसं? हरलात तुम्ही?"

ठक. ठक. ठक. पलंग वाजेपर्यंत त्यांनी बोट आपटलं. "बा!"

"पटलेलं नाही."

डोळे मिटले.

"पण उत्तर नाही."

डोळे मिटले.

"आणि हे असंच लिहू? चिठ्ठीवर?"

आप्पांनी डोळे मिटले आणि इतका मोठा श्वास सोडला, की काकू घाबरून दोन पावलं पुढे आल्या.

खटखट्याने तिथेच, पलंगाच्या कडेवर कागद ठेवून लिहिलं: 'या ग्रंथात समोरच्या पक्षाचं म्हणणं आहे. लेखकाला ते पटलेलं नाही. त्याचं उत्तर लेखकाला सापडलं नाही.' त्याने मोठ्याने वाचलं. आप्पांनी डोळे मिटून हो म्हटलं.

"हे असलं लिहायचं नाही," काकू म्हणाल्या.

"काकू, आप्पांनीच—"

"मला ऐकू येतं, दिसतंही. राहून गेलं, असं लिही. आजारपणामुळे उत्तर लिहायचं राहून गेलं. त्यात काय खोटं आहे? माणूस आडवा पडलाय, राहूनच गेलंय ना?"

खटखट्याला ते एकदम पटलं. खरं तर त्याला हायसंच वाटलं. कुणाचं काय बिघडणार होतं? लोक हळहळतील, आप्पांची शान राहील. त्याने 'सापडलं नाही' खोडून वर 'लिहायचं राहून गेलं' असं लिहिलं आणि वाचलं.

ठक.

"अहो, हट्ट कशाला!" काकू पलंगापाशी आल्या. "तुमच्या ह्या पुस्तकापायी मी काय काय केलं ते मोजायला बसू? कुठे गेले नाही, कुणाला घरी बोलावलं नाही, की ह्यांचं लिहिणं मोडेल. लोक विचारायचे, काय करतात तुमचे? मी सांगायचे, मोठं काम चाललंय. सगळ्यांना उत्तर देणार आहेत. आता त्याच लोकांना काय सांगू मी? सापडलं नाही? चाळीस वर्षं शोधून सापडलं नाही? तुमचं जाईल एक वाक्य, माझं सगळंच जातंय हो!"

आप्पांनी डावा हात उचलला. काकूंचा हात त्यांना सापडेना, मग काकूंनीच तो पुढे केला. आप्पांनी तो धरला. आणि धरलेल्या हाताच्याच बोटाने काकूंच्या मनगटावर ठोकलं. नाही.

काकूंनी हात सोडवला नाही. तशाच उभ्या राहून त्या खटखट्याला म्हणाल्या, "छाप ते. पहिलं होतं ते छाप. माझ्याकडे बघू नकोस."

तीनशे चिठ्ठ्या दुकानात छापून झाल्या. आता त्या चिकटवायच्या कुठे, हा घोळ. पुस्तकात कोरं पान नव्हतं. शेवटी चिकटवली तर कोण बघणार? पुढे जागा एकच, प्रस्तावनेचं पहिलं पान. पण दुसऱ्याच्या लिखाणावर न विचारता कागद कसा डकवायचा? खटखट्याने विभागप्रमुखांना फोन केला आणि चिठ्ठी वाचून दाखवली. त्यांनी ती पुन्हा एकदा वाचायला लावली.

"हे आप्पांनी सांगितलं?"

"हो."

"त्यांना बोलता येत नाही म्हणून ऐकलंय मी."

"येत नाही."

"मग कशावरून म्हणता तुम्ही, की त्यांनीच सांगितलं?"

कागद नाही, सही नाही, आवाज नाही. टायपिंगच्या दुकानातल्या माणसाचा नुसता शब्द.

"त्यांना येऊन विचारा," खटखट्या म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

शनिवारी सकाळी सात वाजता बेल वाजली. काकूंनी दार उघडलं. सभेचे कपडे घालून, केसांना कलप लावलेला एक साठीचा माणूस बाहेर उभा होता. काकूंनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"या, लाडके विद्यार्थी. वाट विसरला नाहीत म्हणायचं."

"काकू, मला आप्पांना—"

"पस्तीस वर्षांनी? बेल वाजवायला हात चालत नव्हता का इतके दिवस? दार काय संस्कृतात उघडायचं होतं?"

तो मान खाली घालून आत आला, गठ्ठे चुकवत. पलंगाशी आला आणि थेट जमिनीवर बसला, कपड्यांची पर्वा न करता. आप्पा त्याच्याकडे बघत होते. ओळख पटली होती, हे स्पष्ट दिसत होतं.

"हो असेल तर डोळे मिटतात," खटखट्याने सांगितलं. "नाही असेल तर बोट."

विभागप्रमुखांनी खिशातून रुमाल काढला, परत ठेवला. "आप्पा, ही चिठ्ठी तुमची?"

डोळे मिटले.

"उत्तर खरंच नाही?"

डोळे मिटले.

आता हा माणूस जिंकला होता. वादात समोर कुणी उरलं नव्हतं. खटखट्याने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्याला वाटलं होतं तसा जिंकल्याचा आनंद तिथे अजिबात नव्हता.

"असं कसं?" विभागप्रमुख म्हणाले. आवाज एखाद्या विद्यार्थ्यासारखा झाला होता. "आप्पा, असं कसं चालेल? मी तुमच्या विरुद्ध गेलो ते समोरच्यांच्या मुद्द्यांना मला तुमचं उत्तर मिळत नव्हतं म्हणून. वाटलं, जोर लावून भांडलो तर हे चिडतील आणि काढतील कुठून तरी. दर पुस्तक आलं की आधी मी शेवटचं प्रकरण उघडायचो. ह्या वेळी चारशे पानं वाचली. माझंच म्हणणं, पण माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. म्हटलं, आता येणार. एवढं मांडलंय म्हणजे पुढे जबरदस्त येणार. शेवटचं पान उलटलं तर पुढे पुठ्ठा. म्हणून तसली प्रस्तावना लिहिली. दुसरं काय समजणार मी? तुम्हाला पटलं, असं समजणं सोपं होतं. तुम्हालाही सापडलं नाही, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही."

काकू दाराच्या चौकटीला टेकल्या होत्या.

"वर्गात सांगत आलो मी पोरांना," ते पुढे म्हणाले. "माझं म्हणणं पक्कं मानू नका, आप्पांचं उत्तर यायचंय. पस्तीस बॅचना सांगितलं. आता सोमवारी काय सांगू?"

आप्पा बघत राहिले. या प्रश्नाला हो-नाही करता येत नव्हतं.

गाडी यायला दोन तास होते. खटखट्याने गोंदाची वाटी आणि दोन ब्रश आणून गठ्ठ्यांच्या मध्ये ठेवले आणि पहिली चिठ्ठी चिकटवायला घेतली. तिसऱ्या प्रतीपर्यंत विभागप्रमुख त्याच्या शेजारी येऊन बसले होते. त्यांनी ब्रश उचलला, एक प्रत उघडली, स्वतःच्या प्रस्तावनेच्या पानाला कडेपासून कडेपर्यंत गोंद लावला आणि त्यावर चिठ्ठी दाबून बसवली. 'मोठं मन' वगैरे पुढच्या पानावर होतं. त्यांनी तिथेही गोंद लावून ते त्याच्या पुढच्या पानाला चिकटवून टाकलं.

"पानं सरळ बसवा," काकू म्हणाल्या. "वेडंवाकडं दिसायला नको." आणि त्याही खाली बसल्या, झालेल्या प्रती हाताने दाबायला.

विभागप्रमुखांचा फोन दोनदा वाजून बंद झाला. शंभरावर प्रती झाल्या असतील, तेव्हा त्यांनी ब्रश वाटीत टाकला आणि गोंदाने चिकट झालेल्या हातांनीच पलंगाशी गेले. वाकून आप्पांच्या कानाजवळ तोंड नेलं. पण खोली लहान, सगळ्यांना ऐकू आलं.

"थोडंसुद्धा नाही, आप्पा? एखादा धागा? कुठून सुरुवात करावी एवढं तरी?"

आप्पांनी त्याच्याकडे बघितलं. फार वेळ बघितलं. खटखट्याचा ब्रश हवेतच राहिला, काकूंचा हात पुस्तकावर तसाच थांबला. आप्पा शोधत होते, हे तिघांनाही दिसत होतं. कपाळावरची शीर फुगली होती.

मग बोट चादरीवर पडलं.

विभागप्रमुख तिथेच वाकलेले राहिले. मग परत येऊन जमिनीवर बसले आणि त्यांनी पुढची प्रत ओढली.